खर्जाची जागा

१

ऐक ना. तो पेला खाली ठेव आणि इकडे बघ. निकेजचं काय झालं कळलं का तुला? नाहीच कळलं, चेहऱ्यावर दिसतंय. आज दुपारचीच गोष्ट, अजून गावभर व्हायची आहे. मला त्यानं स्वतः सांगितलं, भिंतीला पाठ लावून, आणि सांगताना डावा हात काखेत असा दाबून धरला होता की कुणी हिसकावून नेईल. पहिल्यापासून सांगतो. मधे बोलू नकोस, माझा धागा तुटतो.

निकेज म्हणजे आपला तोच, उस्ताद पेलारच्या कारखान्यातला, भुवयांत लाकडाचा भुसा घेऊन फिरणारा. हार्पसिकॉर्ड बनवतात ते, पट्ट्या दाबून आतल्या तारा छेडायच्या त्या लांबट पेट्या. बनवतात कसले, जुनेच फाडून मोठे करतात. आपल्या पॅरिसच्या बड्या लोकांचं खूळ तुला ठाऊक आहे. वाद्य हवं अँटवर्पचं, पणज्याच्या काळचं, आणि खर्ज मात्र आजच्या नाचांना पुरेल असा खोल. मग कारागिरानं काय करायचं? पेटी खर्जाच्या बाजूनं उभी कापायची, वीतभर रुंद करायची, नव्या पट्ट्या, नव्या तारा घालायच्या, आणि वरून असा रंग द्यायचा की जोड दिसता कामा नये. मधे काही आडवं आलं तर कापून टाकायचं. सगळेच कापतात.

निकेजकडे असंच एक आलं, मादाम द ब्रेसूरचं. पण हे त्याचं परीक्षेचं काम होतं. संत सेसिलच्या सणाला कारागीर संघाचे पंच ते वाद्य ऐकणार. पसंत पडलं की निकेज उस्ताद. स्वतःचं दुकान, दारावर स्वतःची पाटी. नापसंत झालं तर जन्मभर पेलारच्या शिव्या खायच्या, कारण संघात उस्तादाची जागा एकच रिकामी, आणि तिच्यावर पेलारचा पुतण्या कधीचा डोळा लावून बसलाय. परीक्षा पुन्हा देता येत नाही.

तर त्यानं पेटी उघडली. आत खर्जाच्या कोपऱ्यात एक आडवी फळी. तिचा कशाला आधार नाही, कशाला टेकू नाही. आणि एवढ्याशा फळीला खिळे मात्र असे ठोकलेले, जणू ठोकणाऱ्याचं समाधानच होत नव्हतं. निकेजनं ती उचकटली. बाकी सगळ्या पेटीत बोटभर धूळ, उंदराच्या लेंड्या, वाळलेले किडे. फळीमागचा कोपरा मात्र स्वच्छ. रोज कुणी झाडत असावं तसा.

त्यानं पेलारला बोलावून दाखवलं. पेलार म्हणाला, "लेका, तुला जागा हवी होती ना? मिळाली. आता करवत चालव."

त्यानं चालवली.

२

वाद्य घरी पोचवलं म्हणून कारागिराची सुटका होत नाही. लाकूड सेन नदीची हवा पितं, फुगतं, तारा उतरतात. म्हणून निकेज दर गुरुवारी सकाळी ब्रेसूर हवेलीत सूर लावायला जायचा. दारावरचा नोकर जर्मेन त्याला मुद्दाम तबेल्याकडून आत सोडायचा, म्हणजे बूट शेणात भरले पाहिजेत, आणि मग वर गेल्यावर मादामनं त्या बुटांकडे बघून नाक मुरडलं पाहिजे. हा त्या घराचा ठरलेला खेळ.

दिवाणखाना मोठा, अंगणाकडच्या उंच खिडक्या, भिंतींना हिरवं रेशीम. एवढी शेकोटी पेटलेली, तरी पाय गार पडायचे. मधोमध ते वाद्य. झाकणावर सोनेरी वेल, आत तारांखाली रंगवलेली फुलं, आणि फुलांच्या मधे ते जाळीचं भोक, जिथून आवाज बाहेर येतो. निकेज म्हणतो की काम त्यानं केलं होतं, तरी त्या घरात ते वाद्य त्याला ओळख दाखवत नव्हतं.

पहिल्या गुरुवारी त्यानं सूर बघितले. उतरलेले, ते ठरलेलंच. मग खर्जाकडे आला तर सगळ्यात खालच्या चार पट्ट्या बोलेचनात. नुसतं टक, टक. आता पट्टी दाबली की मागची लाकडी काडी वर उडते आणि तिच्यात खोवलेलं कावळ्याचं पीस तारेला छेडतं, एवढंच ते यंत्र. पीस चांगलं असेल तर वर्षभर बघायला लागत नाही. निकेजनं त्या चार काड्या उपसून हातात घेतल्या. पिसं झिजून खुंट झालेली, न्हाव्यानं वस्तरा ओढल्यासारखी. शेजारची पिसं मात्र कोरी, चकचकीत.

त्यानं मनाशी म्हटलं, मेजिसरीच्या धक्क्यावरच्या पक्षीवाल्यानं फसवलं. म्हातारा कावळा दिला. नवीन पिसं खोवली, सूर लावला, निघाला.

पुढच्या गुरुवारी तेच चार खुंट. आणि त्यांच्या शेजारचे दोन.

३

मादाम द ब्रेसूर उभी होती शेकोटीपाशी. कपाळ मोठं, ओठ असे की हसले तरी कुणाचं तरी नुकसान होईल. ती त्याला सरळ म्हणाली की तुझ्या उस्तादानं मला सडका माल विकलाय. निकेजनं चाचरत विचारलं की घरात दिवसभर कुणी वाजवत बसतं का, कारण पिसं अशी झिजायला एखाद्यानं तेच तेच हजारदा वाजवायला पाहिजे.

"माझी मुलगी वाजवते. शाकोन बसवतेय ती सणासाठी, पंचांसमोर वाजवायला. पलीकडच्या खोलीतून मी रोज ऐकते. दोन्ही हात अगदी तयार आहेत. तुझं पीस एका लहान मुलीच्या बोटांना टिकत नसेल, तर तसं मी पंचांना सांगेन."

शाकोन म्हणजे, अरे तोच नाच, सगळ्यात शेवटी येतो तो. खर्जात चार सूर पायरी पायरीनं उतरतात, पुन्हा वरून सुरू, पुन्हा उतरतात, शेवटपर्यंत तेच. आणि उजवा हात त्याच्यावर दरवेळी निराळी नक्षी काढतो. खालचा हात घोडा, वरचा स्वार, असं वादक म्हणतात.

मुलगी तिथंच बसली होती. सिदोनी तिचं नाव, नऊएक वर्षांची, अंगात तो कडक पोषाख, पाय जमिनीला पोचत नव्हते. मादाम बाहेर गेल्यावर निकेज तिला म्हणाला, जरा वाजवून दाखवा बघू. तिनं उजव्या हातानं शाकोनची वरची नक्षी वाजवली. बरी वाजवली. डावा हात तिनं मांडीखाली दाबून ठेवला होता, त्याच्यावर बसलीच होती म्हण ना.

"आणि खालचा?" निकेजनं विचारलं.

"मला खालचा येत नाही," ती म्हणाली. "मास्तर म्हणालेत, डावा हात पुढच्या वर्षी."

मग खाली उतरली, घागरा सावरला आणि पाठ न वळवता, वाद्याकडे तोंड ठेवून दारापर्यंत मागे मागे चालत गेली. राजासमोरून निघताना चालतात ना, तशी. निकेजला आधी हसू आलं. मग तबेल्यातून बाहेर पडेपर्यंत त्या हसण्याचं काहीतरी निराळंच होऊन बसलं.

४

आपला निकेज खुळा नाही. त्यानं स्वतःला समजावलं: आई खोटं बोलते, बढाईखोर आहे. मुलगी खोटं बोलते, शिकवणीचा कंटाळा आहे. किंवा एखादा नोकर चोरून वाजवतो, मादामला मंजूर नाही म्हणून सगळे गप्प. पेलारला सांगितलं तर तो पुतण्याकडे बघून डोळा मारत म्हणाला, "ऐकलंस का? यांच्या वाद्यात भूत आहे. आमच्या वेळी वाद्यात सूर असायचे." सगळा कारखाना हसला. लाकडं घासणारी पोरंसुद्धा.

म्हणून त्यानं सुताराची साधी युक्ती केली. पिसं पुन्हा नवी खोवली, पट्ट्या पुसल्या, आणि त्या काळ्याभोर आबनुसी लाकडाच्या पट्ट्यांवर, या टोकापासून त्या टोकापर्यंत, फडक्यातून खडूची पूड झाडली. इतकी बारीक की श्वास टाकला तरी उडेल. मग झाकण लावलं, कुलूप घातलं, किल्ली स्वतःच्या गळ्यात. मादामला म्हणाला, सरस वाळू दे, सणापर्यंत कुणी हात लावू नका. ती म्हणाली, "तुझ्या खोडसाळपणाची मी आठवण ठेवेन." पण किल्ली मागितली नाही.

गुरुवारी गेला तर जर्मेननं दारातच टोमणा मारला की तुम्ही कुलूप लावून गेलात आणि आमची छोटी मालकीण आठवडाभर वाजवतेय, किल्ल्या काय दुकानात ढिगानं मिळतात. निकेज तडक वर गेला. कुलूप होतं तसं होतं. उघडलं.

उजवीकडे पूड जशीच्या तशी. डावीकडे, खर्जाच्या बाजूला, जवळजवळ अर्ध्या पट्ट्यांपर्यंत ठसे. बोटांचे.

त्याला पहिल्यांदा बरंच वाटलं, रे. चला, माणूस आहे. बनावट किल्लीवाला कुणी चोर. मग तो वाकला.

आपण वाजवतो तेव्हा बोट पट्टीच्या अलीकडच्या टोकाला पडतं, नख पलीकडे. हे ठसे पट्टीच्या पार मागच्या टोकाला होते, जिथं पट्टी समोरच्या उभ्या फळीखाली जाऊन पेटीत शिरते तिथं. आणि नखांच्या रेघा निकेजच्या बाजूला होत्या. बोटं फळीखालच्या फटीतून बाहेर आली होती. आतून.

तिथं किती जागा असते ठाऊक आहे? एखादी सुरी सरकेल एवढी. निकेजला ठाऊक आहे, त्यानंच ठेवली.

५

तू म्हणशील, पळायचं. तो पण तेच म्हणतो, पळायचं होतं. पण सण दोन दिवसांवर, पिसं पुन्हा खुंट झालेली, आणि समोर आयुष्यभराची पाटी. त्यानं पिसं बदलली. पातं दोनदा अंगठ्यात घुसलं. मग त्याचं त्यालाच वाटलं, ओलाव्यानं पट्ट्या फुगल्या असतील, एकमेकींना ओढत असतील, पूड त्यानं सरकली असेल. नखांच्या रेघा? लाकडाच्या रेषा. वाजवून बघू. भर सकाळ होती, अंगणात कुणी घोड्याला खरारा करत होतं, स्वयंपाकघरातून कांद्याचा वास येत होता.

बसला. डावा हात गुडघ्यावर ठेवला, नीट दिसेल असा. उजव्यानं शाकोन सुरू केला.

आणि खालून खर्ज आला.

हळू नाही, घाबरत नाही. ठाम. चार पायऱ्या उतरला, पुन्हा वर जाऊन उभा राहिला, पुन्हा उतरला. निकेज गुडघ्यावरच्या हाताकडे बघत होता आणि कानानं ऐकत होता. तो म्हणतो, सगळ्यात वाईट काय, तर ते वाजवणं सुंदर होतं. त्याच्या उजव्या हाताची लाज वाटावी असं. त्यानं एक नक्षी काढली, दुसरी काढली, तो खर्ज प्रत्येक वेळी जरा जोरात, जरा लवकर, जसं पेलार टेबलावर मापाची पट्टी आपटतो ना, चल, पुढे चल, एवढंच येतं का तुला. निकेजला येत होत्या तेवढ्या नक्ष्या संपल्या. हात थांबला.

खर्ज थांबला नाही. उतरला, उतरला, आणि शेवटच्या सुरावर पट्टी दाबून धरली. ती पट्टी खालीच राहिली, वाट बघत. तारांमधल्या त्या जाळीच्या भोकावर खडूचे कण तरंगत होते. ते वर यायचे, मग आत ओढले जायचे. वर यायचे, आत ओढले जायचे.

निकेजनं काय केलं सांगू? कारागीर तो कारागीर. पट्टी अडकली तर ती सोडवायची, हे हाताला ठाऊक, डोक्याला विचारतंय कोण. त्यानं डावा हात पुढे केला आणि बोट पट्टीखाली घालायला गेला. तेव्हा समोरून, फटीतून, काहीतरी त्याच्या बोटांना टेकलं. ओढलं नाही. एका बोटाला टेकलं, मग दुसऱ्याला, मग तिसऱ्याला, टोकापासून पेरापर्यंत. शिंपी माप घेतो तसं.

६

आता आजचं ऐक.

दिवाणखाना भरलेला. पंच तीन, काळ्या कोटातले, पोटावर हात बांधून. मादामची पाहुणेमंडळी, पंखे, पावडरीचे केस. पेलार आणि त्याचा पुतण्या दाराशी. निकेजनं आधी मादामला गाठून विनवणी केली की शाकोन मी वाजवतो, छोट्या बाईंना बसवू नका. तिनं त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. मुलीला खुर्चीवर बसवलं आणि मांडीखालचा डावा हात ओढून स्वतः पट्ट्यांवर ठेवला. "हात लपवायला तू काय मोलकरीण आहेस?"

सिदोनी वाजवायला लागली. लोक मागे उभे, त्यांना दिसत होता एक छोटा हात वर नाचताना आणि एक छोटा हात खाली. निकेज बाजूला उभा होता, त्याला दिसत होतं. पट्ट्या तिच्या बोटांच्या आधी खाली जात होत्या. तिचा डावा हात नुसता त्यांच्या मागे ओढला जात होता, बुडणाऱ्याचा जातो तसा. आणि आपोआप दबणाऱ्या पट्ट्यांची हद्द आता तिच्या उजव्या हाताच्या अगदी शेजारी आली होती. मुलीच्या हनुवटीवरून पाणी गळत होतं. पाहुण्या बायका म्हणत होत्या, किती जीव ओतून वाजवतेय.

संपलं. टाळ्या. थोरल्या पंचानं खर्जाची तारीफ केली, असा खर्ज आपण ऐकला नाही म्हणाला. मग रीतीप्रमाणे निकेजला पुढे बोलावलं. उमेदवारानं वाद्यावर तळवा ठेवून शपथ घ्यायची, काम अख्खं माझं, काम निर्दोष. की झाला उस्ताद.

सिदोनी अजून खुर्चीतच होती. डावा हात पट्ट्यांवरून उचलायला बघत होती. उचलत नव्हता.

निकेज म्हणाला, "काम सदोष आहे."

पेलारचा पुतण्या हसला, तेवढाच आवाज. मग मादामचा पंखा मिटल्याचा. पंचानं पुन्हा विचारलं, निकेजनं पुन्हा तेच सांगितलं. आणि गड्या, सदोष परीक्षाकामाचं आपल्याकडे काय करतात ते तुला ठाऊक आहे. विकत नाहीत, दुरुस्त करत नाहीत. तिथल्या तिथं उमेदवारासमोर फोडतात, मालक कुणीही असो. निकेजला तेच हवं होतं. वाद्य राहणार नाही, मुलगी सुटेल, दुकान गेलं तर गेलं. पंचानं करवत मागवली, आणि खुर्ची ओढली तेव्हा मुलीचा हात निसटला.

पंचानं करवत लावली खर्जाच्या बाजूला, निकेजच्या जोडावरच. दोन-चार हात मारले. एक भेग पडली, बोटाएवढी. पंच करवत काढून पातं पुसायला वळला, बाकीचे मादामचा चेहरा बघत होते.

भेगेतून एक बोट बाहेर आलं. लांब, पांढरं, नख झिजून खुंट झालेलं. मग शेजारी दुसरं. भेगेच्या कडेवरून फिरलं, खालून वर, वरून खाली. अंधारात दार किती उघडलंय ते आपण आतून चाचपून बघतो ना, तसं. घाई नव्हती. मग दोन्ही आत गेली.

निकेजनं बघितलं. सिदोनीनं बघितलं. आणि पंच परत वळला, करवत घेऊन.

"थांबा," निकेज म्हणाला. "कापू नका. काम निर्दोष आहे. मी खोटं बोललो."

७

पुढचं काय सांगायचं. पंचांनी त्याला संघातून कायमचा काढला, पंचांची थट्टा केल्याबद्दल. पेलार त्याच्याकडे बघून थुंकला. मादाम म्हणाली, वाद्य माझं आहे, आवाज सुंदर आहे, भेग बुजवा. पुतण्यानं लगेच गुडघे टेकून भेगेत मेण भरलं. मेण, रे. निकेजनं दारातून बघितलं ते शेवटचं हेच की पुतण्याचा अंगठा ते मेण आत दाबतोय, आणि मेण हळूच पुन्हा बाहेर येतंय.

जर्मेननं त्याला बखोट धरून अंगणात ढकललं, आज तबेल्याकडून नाही, सरळ पुढच्या दारानं, सगळ्यांना दिसावं म्हणून. तेवढ्यात वर शाकोन सुरू झाला. चार पायऱ्या खाली, पुन्हा वर. आणि त्याच्यावर नक्षी. एक झाली, दुसरी झाली, मग अशा नक्ष्या यायला लागल्या ज्या निकेजनं कधी ऐकल्या नव्हत्या, त्या मुलीच्या मास्तरानंही ऐकल्या नसतील. दोन्ही हात, भरलेले.

जर्मेन मान वर करून ऐकत राहिला. "काय वाजवते पोरगी," म्हणाला.

निकेजनं वर बघितलं. वरच्या खिडकीत सिदोनी उभी होती. दोन्ही तळवे काचेला चिकटवून.

ती खाली निकेजकडेच बघत होती. अख्ख्या घरात ज्याला ठाऊक होतं, असा तो एकटाच होता. शाकोन वाजतच होता. तिनं तोंड उघडलं, पण काच जाड, आणि मागून कुणीतरी तिला हाक मारली असावी, कारण तिनं मान वळवली.

निकेज खाली मान घालून फाटकाबाहेर आला. वाटेत कारखान्यातून एक वस्तू उचलली आणि सरळ माझ्याकडे. ती फळी, ती खिळ्यांची, त्यानं टाकली नव्हती. कारखान्यात सरसाच्या भांड्याखाली ठेवायचा. आता मांडीवर घेऊन बसलाय आणि म्हणतो, ही परत बसवायला मला त्या घरात कोण जाऊ देईल.

मी त्याला थोडी दारू दिली आणि इकडे आलो. पण मगापासून डोक्यात तेच फिरतंय. करवत चालू दिली असती, तर ते दिवाणखान्यात बाहेर आलं असतं, त्या सगळ्यांत. थांबवली, तर ती पोर आत राहिली त्याच्यासोबत. मधलं काही नव्हतं, आणि विचार करायला वेळ होता पातं पुसण्याएवढा. तू असतास तिथं, तर तू काय केलं असतंस?